फॉर्म भरण्याआधीच लागणारा निकाल

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये हा संवाद तुम्ही कधीतरी ऐकलाच असेल.

‘‘काय मग, पुढे काय करायचं ठरवलंयस?’’
‘‘काका, आर्टला जायचंय.’’
‘‘अरे वा, आर्ट्स! म्हणजे एमपीएससी का?’’
‘‘नाही काका, आर्ट. चित्रकला.’’

मग दोन सेकंदं शांतता. आणि त्यानंतर, ‘‘छान छान. पण सोबत काहीतरी कर हं.’’

‘आर्ट’ आणि ‘आर्ट्स’मध्ये फरक एका अक्षराचा. पण हा घोळ एकट्या काकांचा नाही. आपल्या आख्ख्या शिक्षणव्यवस्थेतच तो मुरलेला आहे. दहावीनंतर समोर येतात ते तीन दरवाजे : सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स. तिसऱ्या दरवाजातून आत गेलं तर इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र सगळं भेटतं. चित्र काढायला मात्र क्वचितच मिळतं. बारावी बोर्डाच्या विषययादीत चित्रकला आहे, रंग व संकल्प आहे, कलेचा इतिहास आणि रसग्रहणही आहे. पण यादीत असणं वेगळं आणि तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात असणं वेगळं. २०२५-२६ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश आख्ख्या राज्यात एकाच पोर्टलवरून सुरू झाले. आता कॉलेजं शोधणं सोपं झालंय. पण जो विषय कॉलेजात शिकवलाच जात नाही, तो पोर्टल तरी कुठून दाखवणार?

आपण धरून चालतो की कलामहाविद्यालयातला प्रवेश परीक्षेच्या हॉलमध्ये ठरतो. ज्याचा हात चांगला तो आत, बाकीचे बाहेर. वरवर पाहता बरोबरही वाटतं. पण थोडं मागे जाऊन पाहिलं तर यातला बराचसा निकाल फॉर्म भरण्याच्या कितीतरी आधी लागून गेलेला असतो.

तारीख कुणी सांगितली?

पहिली चाळणी असते कॅलेंडरची. बारावीचा निकाल लागला, आता बघू कुठे जायचं ते, असा विचार करणाऱ्यांसाठी कलेचे आणि डिझाइनचे बरेच दरवाजे तोवर बंद झालेले असतात.

आयआयटी आणि काही इतर संस्थांमधल्या बी.डिझाइनसाठी ‘यूसीड’ ही परीक्षा असते. ती आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत. म्हणजे फॉर्म दिवाळीच्या आसपास भरायचा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे ‘एनआयडी’ची पहिली फेरी आणि ‘निफ्ट’ची लेखी परीक्षाही साधारण हिवाळ्यातच उरकते. यांचे फॉर्म निघतात तेव्हा तुम्ही बारावीच्या प्रिलिमचं टेन्शन घेऊन बसलेले असता. आपल्या राज्यातल्या बी.एफ.ए.साठी राज्य सीईटी कक्ष कला सीईटी घेतो. तिचे अर्जही बारावीच्या निकालाची वाट पाहत थांबत नाहीत.

‘यूसीड’ची आणखी एक अट अनेकांना उशिरा कळते. बारावीला असताना आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, अशा सलग दोन संधी मिळतात. तिसरी नाही. म्हणजे तुम्ही आत्ता एफवायला असाल, बी.कॉम.मध्ये मन रमत नसेल आणि डिझाइनचा विचार डोक्यात घोळत असेल, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय नाही. बारावी कुठल्या शाखेतून केली हे मात्र इथे आड येत नाही, आर्ट्स-कॉमर्सवालेही बसू शकतात. हेही अनेकांना माहीत नसतं. आयआयटी म्हटलं की फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना!

ही माहिती गुप्त नाही, वेबसाइटवर असते. पण वेबसाइट उघडायची हे सुचायला आधी कुणीतरी ते नाव उच्चारावं लागतं. मोठ्या शहरात ते क्लासवाला उच्चारतो, सीनियर उच्चारतो, एखाद्या मैत्रिणीची आर्किटेक्ट आई उच्चारते. ज्याच्या आसपास असं कुणीच नाही, त्याच्यापर्यंत ते नाव पोचतं तेव्हा तारीख टळून गेलेली असते.

परीक्षा नेमकं काय तपासते?

आता दुसरी चाळणी. राज्याच्या कला सीईटीत चित्रांचे तीन पेपर असतात : वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र. सोबत सामान्यज्ञानाचा एक वस्तुनिष्ठ पेपर.

हे तीन शब्द ओळखीचे वाटतायत? वाटणारच. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल तर तुम्ही यातून गेलेले आहात. समोर ठेवलेली बादली, तिच्यावर टाकलेलं फडकं, बाजूला दोन कांदे : हे वस्तुचित्र. ‘बसस्टॉपवरची रांग’ : हे स्मरणचित्र. चौकोनात बसवलेलं नक्षीकाम : हे संकल्पचित्र. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षा आणि सीईटी यांचं कूळ एकच. म्हणजे ज्याला शाळेत चित्रकलेचे सर किंवा बाई मिळाल्या, ज्यानं आठवी-नववीत या परीक्षा दिल्या, त्याची सीईटीची निम्मी तयारी नकळत होऊन गेलेली असते.

आणि ज्याला सर मिळालेच नाहीत, त्याचं काय?

इथे एक कायदा पाहायला हवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, शाळेत किती आणि कुठले शिक्षक हवेत ते लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक ठेवायचे. अट एकच, पटसंख्या शंभरच्या वर हवी. ‘अंशकालीन’ म्हणजे अर्धवेळ, तेही शंभराच्या वर मुलं असतील तरच. आता डोळ्यांसमोर वाडी-वस्तीवरची शाळा आणा. सहावी ते आठवी मिळून साठ मुलं. गणिताचे सरच तिथे चित्रकलेचा तास घेतात. बऱ्याचदा त्या तासालाही गणितच होतं.

समजा, दोन मुली आहेत. दोघींचा हात सारखाच. एक दादरला शिकते, दुसरी अशा साठ पोरांच्या शाळेत. पहिलीला चौथीतच रंगपेटी मिळते, आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट. दुसरी वहीच्या मागच्या पानावर बैलाचं चित्र काढते आणि पान वाया घालवलं म्हणून बोलणी खाते. बारावीनंतर या दोघी एकाच हॉलमध्ये, एकाच बादलीसमोर बसतात. त्यातून जो आकडा येतो, त्याला आपण ‘मेरिट’ म्हणतो.

सात मार्कांची चित्रकला

बरं, ज्यांना ग्रेड परीक्षा मिळतात त्यांचं तरी सगळं नीट चाललंय का? इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण वाढून मिळतात, ‘बी’ला ५ आणि ‘सी’ला ३. योजनेमागचा हेतू चांगलाच होता. कलेला किंमत यावी, पालकांनी मुलांना अडवू नये. पण मधल्या काळात हिशोब उलटा झाला. मुलं चित्र काढतात म्हणून परीक्षा देत नाहीत, तर सात मार्क हवेत म्हणून चित्र काढतात. दहावीचा निकाल लागला की ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर जातो आणि पोस्टर कलरच्या बाटल्या वाळून जातात.

या घाईत एक सवय लागते, तयार चित्र पाठ करण्याची. स्मरणचित्राला बाजार येऊ शकतो, गणपती विसर्जन येऊ शकतं, बाग येऊ शकते. मग उजवीकडे पाठमोरी बाई, डावीकडे फुगेवाला, मागे झाड. विषय बदलला की फुगेवाल्याच्या हातात छत्री द्यायची! शाळेत हे खपून जातं. पुढे ते नडतं.

कारण डिझाइनच्या परीक्षा मुद्दाम वेगळं काहीतरी तपासायला बघतात. ‘यूसीड’मध्ये ३०० पैकी १०० गुण कागद-पेन्सिलवर उत्तर देण्याच्या भागाला असतात. मात्र आधीच्या २०० गुणांच्या संगणकावरच्या भागात तुम्ही निवडीपर्यंत पोचला नाहीत, तर तुमचं चित्र तपासलंही जात नाही. तर्क, निरीक्षण, अवकाशाची समज यांना तिथे इतकं वजन आहे. ‘निफ्ट’मध्ये बी.डिझाइनला पुढच्या टप्प्यात सिच्युएशन टेस्ट असते. दिलेल्या साहित्यातून, दिलेल्या वेळात, हातानं काहीतरी घडवायचं. ‘एनआयडी’च्या दुसऱ्या फेरीतही हात आणि डोकं एकत्र चालवावं लागतं.

हे असं का, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. भारत सरकारच्या सांगण्यावरून अमेरिकेचे चार्ल्स आणि रे इम्स हे डिझायनर जोडपं इथे फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल? ताजमहालाचं नाही, आपल्या लोट्याचं. कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलला जातो, त्यात पाणी किती मावतं, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, घासायला किती सोपा. एका साध्या भांड्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा केवढा विचार आहे, हे त्यांना दिसलं. डिझाइनच्या परीक्षेला हवी असते ती ही नजर. आणि लोटा फक्त दादरच्या घरात असतो असं थोडंच आहे! साठ पोरांच्या शाळेतली ती मुलगी रोज तो भरून आणते. पण तिच्याकडे जे आहे त्यालाच कुणीतरी ‘तयारी’ म्हणतं, हे तिला कळायला हवं ना.

‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणजे काय रे भाऊ?

ही अडचण फक्त आपलीच आहे असं समजायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी शाळेची जीसीएसई परीक्षा झाली, की पुढची दोन वर्षं ‘सिक्स्थ फॉर्म’ची. आपली अकरावी-बारावीच समजा. या वयातल्या मुलांसाठी तिथे कलेला वाहिलेली शिक्षणसंस्था असू शकते. लंडनच्या क्रॉयडन भागातली ब्रिट स्कूल हे त्यातलं गाजलेलं नाव. १९९१ पासून चालू, सरकारी पैशावर चालते, फी नाही. गायिका अ‍ॅडेल आणि एमी वाइनहाउस तिथल्याच. चौदाव्या किंवा सोळाव्या वर्षी अर्ज करायचा, आपलं काम किंवा सादरीकरण दाखवायचं, शिक्षकांशी बोलायचं. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला ‘तू काय करतोस ते दाखव’ असं विचारणारं कुणीतरी तिथे बसलेलं असतं.

पण म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१० मध्ये इंग्लंडच्या सरकारनं शाळांचं प्रगतिपुस्तक जोखायला एक नवा निकष आणला. त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, एक परकी भाषा आणि इतिहास किंवा भूगोल एवढेच विषय होते. कला नव्हती. यामुळे शाळा चित्रकला, नाटक, संगीत बाजूला सारतात, अशी ओरड तिथले कलाकार आणि शिक्षक कितीतरी वर्षं करत होते. शेवटी २०२५ मध्ये अभ्यासक्रमाचा आढावा झाला आणि तो निकष काढून टाकायचं सरकारनं ठरवलं. सांगायचा मुद्दा एवढाच, की शाळा कशानं मोजली जाते यावर मुलं काय शिकणार ते ठरतं. तिथे कला यादीतूनच गळली होती. आपल्याकडे ती सात मार्कांपुरती उरली.

जे.जे.चं काय होणार?

महाराष्ट्रात कलाशिक्षण म्हटलं की पहिलं नाव जे.जे.चं. १८५७ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून सुरू झालेली ही संस्था. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये इथे शिकायला आले होते. वासुदेव गायतोंडे इथलेच. २०२३ मध्ये ‘सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर अँड डिझाइन’ या नावानं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्यावरून वाद झाला, आजही पूर्ण संपलेला नाही. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं, की अभ्यासक्रम बदलायला दरवेळी मोठ्या विद्यापीठाचं तोंड पाहावं लागणार नाही, नवे विषय आणता येतील, पदवी स्वतःची असेल. काळजी करणाऱ्यांचं म्हणणं, की स्वायत्ततेच्या मागोमाग फी वाढते आणि शेतकऱ्याचं, रंगाऱ्याचं, रिक्षावाल्याचं पोर जिथे शिकू शकत होतं ती जागा हळूहळू त्याच्या हातातून जाते.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जुना अभ्यासक्रम घेऊन आजच्या जगात उभं राहता येत नाही, हे तुम्ही कुठल्याही उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला विचारा. पण हा वाद आपण कुठल्या बाजूनं मोजायचा? इमारत, नवे विभाग, परदेशी करार यांवरून की पहिल्या वर्षाच्या वर्गात कोण बसलंय त्यावरून? सरकारी कलामहाविद्यालयं राज्यात मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, संपलं. यातली एक जागा जरी फीमुळे हातातून गेली, तरी त्या मुलाला पुढचा पर्याय बऱ्याचदा खासगी कॉलेजचाच उरतो आणि तिथला आकडा वेगळाच असतो. फी, शुल्कसवलत आणि आरक्षण या तीन गोष्टी कागदावर काय आहेत आणि प्रत्यक्षात काय, हे दरवर्षी विचारत राहणं हे आता आपलं काम आहे.

पोटापाण्याचं काय?

घरून हा प्रश्न येणार. चिडू नका, तो रास्त आहे. खोटी उत्तरंही देऊ नका. चित्रं विकून पहिल्याच वर्षी घर चालेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. डिझाइनची डिग्री म्हणजे नोकरी पक्की, हेही नाही. त्यात आता एका ओळीच्या सूचनेवर चित्र बनवून देणारी एआयची साधनं आली आहेत. पोस्टर, साधी इलस्ट्रेशन, कॅटलॉगची पानं अशी सुरुवातीची कामं त्यामुळे आक्रसण्याची भीती खरी आहे.

पण प्रवेशपरीक्षा अजून कागद-पेन्सिलवर का घेतात, याचं उत्तरही इथेच आहे. मशीन चित्र देतं. कुठलं चित्र हवं, कशासाठी हवं, कुणासाठी चुकीचं आहे, हे ठरवायला पाहण्याची सवय असलेला माणूस लागतो. ती सवय चार वर्षं रोज काम केल्यावर लागते. एवढं घरी शांतपणे सांगता आलं तर सांगा. आणि अभ्यासक्रमांतला फरकही सांगा : चित्रकला-शिल्पकला वेगळी, उपयोजित कला वेगळी, डिझाइन वेगळं, कलाशिक्षक पदविका वेगळी. प्रत्येकाची फी, काळ आणि पुढचा रस्ता वेगळा. घरच्यांचा विरोध बऱ्याचदा कलेला नसतो, धुक्याला असतो.

फॉर्म भरण्याआधी

– एका कागदावर सगळ्या परीक्षांच्या तारखा लिहा आणि कपाटाच्या दारावर चिकटवा. तारखा फक्त अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवरून नको. जे.जे.साठी त्यांची स्वतःची प्रवेशसूचना वेगळी वाचा.

– एक साधी वही करा. रोज एक रेखाटन, जे समोर आहे त्याचं. एसटी स्टँडवर झोपलेला माणूस, आजीचे हात, गॅसवरचं भगोनं. पाठ केलेला फुगेवाला नको. क्लास परवडत असेल तर लावा, नसेल तर ही वही हाच क्लास.

– मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून सोडवा. अनेकांचं चित्र वाईट नसतं, अर्धवट राहिलेलं असतं.

– अधिवास, उत्पन्न, जातप्रमाणपत्र, जात पडताळणी यातलं जे लागणार असेल ते आत्ताच काढायला टाका. सीट मिळूनही कागदासाठी अडकणारी मुलं दरवर्षी असतात. महाडीबीटी पोर्टलवर कला संचालनालयाच्या शुल्कसवलतीच्या योजनाही पाहून ठेवा.

– एकाच दारावर सगळी भिस्त ठेवू नका. गोवा कला महाविद्यालय, बडोद्याची ललितकला विद्याशाखा, शांतिनिकेतनचं कलाभवन यांच्याही प्रवेशसूचना वाचा.

हे सगळं तुमच्यासाठी. आता एक काम दुसऱ्या कुणासाठी. तुम्ही कॉलेजात आहात, म्हणजे तुमच्या मागे गल्लीत, गावात, मावशीच्या घरी कुणीतरी आठवी-नववीत आहे. वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढत बसणारं. शिक्षक नेमणं, पटसंख्येची अट बदलणं, फी आटोक्यात ठेवणं ही सरकारची कामं आहेत आणि ती त्यांच्याकडून करून घ्यायला वेळ लागेल. तोवर त्या पोराला एलिमेंटरी नावाची परीक्षा असते आणि तिचा फॉर्म कधी निघतो, एवढं तरी सांगा. तुम्हाला ते कुणी सांगितलं होतं आठवतंय? नसेल सांगितलं, तर ते किती महागात पडतं हेही तुम्हाला माहीत आहे.